बायकोनं लपवलेलं दुखणं

बायकोच्या रक्षाविसर्जनाला घाटावर कावळा शिवंना. भात, वडं, तिला आवडायचं जयसिंगपूरचं भडंग, सगळं मांडलेलं. ऊन चढलं. भावकी-पावणं एकेक वचन द्याय लागली. मेव्हणा म्हणाला, "आक्का, दाजींचं आम्ही बघतो." मी म्हणालो, "म्हशी विकत न्हाय, जा निवांत." कावळा ढिम्म.

मग लेक पुढं झाली. हात जोडून म्हणाली, "आई, तुझं दुखणं मी आप्पांना सांगते." कावळा आला, वडा उचलला. भुकेला असंल. पण माझं कान तापलं. कसलं दुखणं? ती तर हार्टनं गेली.

घरी आल्यावर लेकीनं सांगितलं. तिला स्वतःला एडीएचडी निघालं, म्हंजे डोकं एका जागी टिकत न्हाय, बारकं बोलणंबी जिव्हारी लागतं, तवा आई तिच्यासंगं डॉक्टरकडं गेलती. डॉक्टरचं प्रश्न ऐकून म्हणाली, "अगं बाई, हे समदं माझंच की!" मग आईचीबी तपासणी झाली. तेच निघालं. लहानपणापासनंचं. त्या तपासणीला चार-पाच वर्षं झाली. मायलेकी गप्प.

मी चौथी शिकलेला, म्हशी राखणारा माणूस. पोटातलं बोलाय मला जमत न्हाय. कधी नव्हं ते बोलाय बसावं, तर ही मधीच उठून कोथिंबीर निवडाय जायची. माझा भाऊ गेला, मी रडत सांगतोय, आणि ही म्हणती, "दारात कोण आलंय बघा." एक शब्द लागला की दोन दिवस जेवायची न्हाय, मग अचानक भर दुपारी पुरणपोळी करून मलाच वाढायची. मी मनाशी धरलं, हिला माझी माया न्हाय. त्याच समजुतीत जल्म काढला. आणि खरं कारण कळल्यावरबी हिनं मला त्यातच ठेवलं.

लेकीला म्हणालो, "तुम्ही दोघींनी मिळून फसवलं मला."

"आप्पा, तुम्ही दूध कट्ट्यावर चारचौघांत बोलला असता. लोकांनी येडी म्हटलं असतं. आई भ्यायची."

"मी बोललो असतो?"

"मग, बोलला नसता?"

"ते तुम्ही परस्पर ठरवायचं? मला एकदा विचारायचं न्हाय?"

लेक रडाय लागली. मी जागचा उठलो न्हाय.

आता ती रोज फोन करती. म्हणती, "आप्पा, आईचा लई जीव होता तुमच्यावर." असंलबी. पण हे सांगणारीच इतकी वर्षं माझ्या तोंडावर गप्प बसली. तिचं खरं मानू कसं?