मेहुण्याच्या घोडीचे आठ पॉइंट

माझा मामा रेसकोर्सवर हँडिकॅपर आहे. म्हणजे कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं, ते तो ठरवतो. चांगल्या घोड्याला जास्त रेटिंग, म्हणून जिनाखाली शिशाच्या जास्त पट्ट्या. सुमार घोड्याला कमी. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एका रेषेत आले, तर मामाचं काम फत्ते. बावीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही, आणि प्रत्येक वेळचं खापर मामाच्याच डोक्यावर फुटलेलं आहे.

तिथे त्याला ‘तराजू’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ‘साहेब’. एक जाडा ट्रेनर आहे, तो प्रत्येक वाक्य नाकातून सोडतो. “साहेब, मी काही म्हणत नाही हं. माझ्या घोड्यावर अठ्ठावन्न किलो, त्याच्यावर चोपन्न. मी आपला काही म्हणत नाही.” असं काही न म्हणता तो वीस मिनिटं बोलतो. वजनकाट्यावरचा माणूस तर बोलतच नाही, नुसता मामाच्या बुटांकडे बघतो. बूट नवे असले की त्याची एक भुवई वर. मामीने एकदा पडदे बदलले, तर सोमवारी कँटीनमध्ये पडद्यांचा रंगसुद्धा ठाऊक.

मामाही कमी नाही. त्याला कुठलाच घोडा खरोखर हरलेला वाटत नाही. दुर्बिणीमागून पुटपुटतो, “हा हरला नाही, याला हरवलंय.” घोडा मुद्दाम दाबून पळवायचा, रेटिंग उतरलं की एक दिवस मोकळा सोडायचा, हे उद्योग त्याने पाहिलेले. मी शाळेसाठी त्याच्याकडेच राहतो. गणितात आपटलो तेव्हा पेपर उलटसुलट करत म्हणाला, “पुढच्या वेळी अपेक्षा कमी असाव्यात म्हणून का रे?”

त्यात मामीचा धाकटा भाऊ ट्रेनर. शर्टाचं गळ्याजवळचं बटण तो कधीच उघडत नाही, म्हणून त्याचं नाव बटणराव. मोसम सुरू झाला की बटणरावांना घरात बंदी. मामीने फोनवर त्यांच्याशी फक्त आईच्या गुडघ्याबद्दल बोलायचं, तेही मामा समोर बसलेला असताना.

“आता चालते का नीट?”

“कोण चालते?” मामा.

“माझी आई.”

तर या बटणरावांकडे एक करडी घोडी होती. पाच रेसेस पळाली, पाचही हरली. मालकाने सांगून टाकलं: मोसमाच्या शेवटच्या रेसला पहिल्या तिनात आली नाही, तर घोडी दुसऱ्याच्या तबेल्यात. ती गेली की बटणरावांकडे उरणार दोन म्हाताऱ्या घोड्या आणि त्यांना सोबत म्हणून ठेवलेली एक बकरी. तबेल्याला कुलूपच. मामीला हे गुडघ्याच्या फोनमध्येच कळलं. तिने मामाकडे त्यासाठी शब्द टाकला नाही. उलट त्या दिवसापासून घरात भांडी जरा जपून ठेवली जाऊ लागली. मामाला त्याचाही संशय.

शेवटच्या रेसची यादी सोमवारी बारापर्यंत द्यायची होती. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरने मामाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि त्याला अक्षर दिसेना. मग जेवणाच्या टेबलावर मामी वाचायला बसली. प्रत्येक घोड्याचा एक कागद, त्यावर क्रमांक आणि मामाचे शेरे. मामी वाचणार, मामा आकडा सांगणार, मामी लिहिणार. दोन कागद झाल्यावर तिने नावं सोडून दिली.

“नाव वाच ना.”

“वजन द्यायचंय की लग्नाला बोलवायचंय? साडेअकरा वाजलेत.”

गाडी सुसाट निघाली. सहावा कागद मामीने त्याच आवाजात वाचला, मुळीच चढ-उतार नाही. “मादी, पाच वर्षं. सातवा, सहावा, आठवा, सहावा, सातवा. शेरा, शेवटच्या दोनशे मीटरला दम संपला, वजन जाणवतंय. पाचही वेळा हाच.”

“चव्वेचाळीस,” मामा म्हणाला. “कधीच उतरवायला हवी होती. आत्ता रेटिंग किती आहे?”

“बावन्न.”

“बावन्न? कोणत्या गाढवाने ठेवली?”

मामीने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो नाकाला लावला, लांब धरला, पुन्हा नाकाला लावला. इतर घोड्यांच्या कागदांवर अशा शेऱ्यापुढे ‘उतरवा’ असं लिहिलेलं असे. इथे लाल पेन्सिलीने पाच वेळा एकच शब्द होता: ‘बघू’.

“तू मुद्दाम नाव गाळलंस.”

“हो.”

“लोक म्हणतील, मेहुण्याला आठ पॉइंट दिले.”

“लोक पडद्यांपासून म्हणतायत. माझ्या भावावर मेहरबानी नको. परक्याच्या घोडीला दिलं असतंत ना, तेवढंच लिहा.”

बाराला दहा कमी असताना मामाने स्वतःच्या हाताने चव्वेचाळीस लिहिले. ओळ सोडून, तिरके, पण चव्वेचाळीस.

यादी लागली आणि जाड्याचं नाक वाजलं, “मी काही म्हणत नाही, पण रक्ताचं नातं ते.” घरी मामी म्हणाली, रक्ताचं माझं आहे, त्यांचं नुसतं लग्नाचं. सगळ्यात घाबरले ते बटणराव. “ताई, दाजींनी आठ का काढले? माझ्यावर चौकशी लावतायत का?”

रेसला शेवटच्या शंभर मीटरला पाच घोडे एकत्र झाले. निकाल फोटोवर गेला. जाड्याचा घोडा पहिला. करडी तिसरी, चौथ्याच्या नाकभर पुढे. बटणरावांचा तबेला राहिला.

“जिंकलो हो मी,” जाडा म्हणाला. “पण ती तिसरी आलीच कशी?”

मामाने त्या फोटोची प्रत मागून आणली. पाच नाकं, हाताच्या एका वितीत. तो फोटो आता फ्रिजच्या दाराला लावलेला आहे.

मोसम संपल्यावर बटणराव घरी आले. बटण लावलेलं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “दाजी, अजून एक पॉइंट काढला असतात तर दुसरी आली असती.”

मामाने चहाचा कप खाली ठेवला.

“खरं सांग,” तो म्हणाला, “त्या पाचही वेळा ती खरंच दमली होती ना?”