हरणाबाईंची नवी दाढ

आटपाडीच्या पूर्वेला असलेल्या वस्तीवर शाळू पोत्यात भरायच्या आधी हरणाबाईंच्या तोंडातून जातो. सगळा नव्हे, चार दाणे. मळणी झाली की माणूस ज्वारीच्या राशीतली मूठ घेऊन त्यांच्या दारात येतो. हरणाबाई दाणे उजव्या दाढेखाली धरतात, मान जराशी तिरकी करतात आणि निकाल देतात. "भर." नाहीतर, "आजून दोन उनं दे." वाळलेला दाणा कट्कन फुटतो, ओलसर दाणा फुटायच्या आधी दबतो. ते दबणं ज्याच्या त्याच्या दाढेला कळत नाही. हरणाबाईंच्या दाढेला कळायचं, म्हणून त्यांच्या शब्दावर पोती शिवली जायची.

हरणाबाईंनी सत्तरी गाठली आहे. अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. चालता चालता भाकरी, भाकरीत जात्याची कच. दाढा झिजून पाटासारख्या सपाट झालेल्या. त्यातली उजवीकडची वरची दाढ गेल्या दिवाळीत सुपारी फोडताना उभी चिरली. सून राणी त्यांना आटपाडीत डॉक्टर अंकिता यांच्याकडे घेऊन गेली. अंकिता मूळच्या इस्लामपूरच्या. त्यांनी दाढेची नस साफ केली आणि वर दुधी रंगाची सिरॅमिकची कॅप बसवली.

"आज्जी, ही सहसा झिजायची नाही," त्या म्हणाल्या. "पण सुपारी बंद. हिच्यावर भलताच जोर आला तर ही वाकत नाही, एकदम तुटते."

"म्हंजी आमच्या मालकावानी," हरणाबाई म्हणाल्या. राणीनं पदर तोंडावर घेतला.

फाल्गुनात पहिली मूठ घेऊन आला तो शेजारचा भाऊसो. हरणाबाईंनी दाणे चावले. कट्. "भर." त्यानं भरला. आठवड्यानं पोत्यात हात घातला तर आत ऊब, आणि कुबट वास. राशीतला माल अजून ओला होता. सगळा परत ताडपत्रीवर ओतावा लागला.

"आवं आत्ती," तो दारातूनच ओरडला, "दाढ बसवून आलासा का उसनी आनलीसा?"

"नवी हाय रं. आजून लाजती."

"तिच्या लाजंपायी माझा शाळू घामाघूम झाला की!"

हसण्यावारी गेलं. पण दुसऱ्या दिवशी भाऊसोची बायको मंगल स्वतःच दाणे चावत बसलेली हरणाबाईंना कुंपणावरून दिसली. त्यानंतरच्या आठवड्यात दारात एकही मूठ आली नाही. सुगी ऐन भरात, आणि हरणाबाई मोकळ्या. त्यांनी पदराच्या दोन टोकांना दोन गाठी मारल्या, एकीत ओला शाळू, दुसरीत वाळलेला, आणि आटपाडीची गाडी धरली.

"बाई, तुमची दाढ खोटं बोलती," त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं. "वल्लं बी कट्, वाळलं बी कट्."

अंकितांनी सगळं ऐकून घेतलं. मग दातांत निळा कागद धरायला लावला आणि आरशात दाखवलं. कॅपवर निळे ठिपके उमटले होते, ते नेमके उंचवट्यांवर.

"तुमची जुनी दाढ सपाट होती. ओला दाणा तिच्याखाली दबायचा. ह्या कॅपला टोकं आहेत. टोक दाण्यात घुसतं आणि दाणा चिरतो. ओला काय, वाळलेला काय."

"मग घासून सपाट करा की."

"फार घासली तर पातळ होईल आणि तुटेल. खरखरीत राहिली तर खालची तुमची स्वतःची दाढ कानशीसारखी घासून काढेल. टोकं जराशी बोथट करते आणि गुळगुळीत करून देते. बाकीचं तुमच्याकडं."

"माज्याकडं काय?"

"तिला शिकवायचं."

हरणाबाईंनी ते मनावर घेतलं. पडवीत बसून डोळे मिटायचे आणि राणीनं तळहातावर कुठलेही दाणे ठेवायचे. सुरुवातीला निकाल साफ चुकले. राणीनं एकदा गंमत म्हणून फुटाणा ठेवला, तेव्हा मात्र ओळखला. चुकता चुकता त्यांच्या ध्यानात आलं की आता पहिल्या आवाजावर भरवसा ठेवून भागणार नाही. दुसऱ्यांदा चावायचं. वाळलेल्या दाण्याचं दुसऱ्या चाव्यात पीठ होतं. ओल्याचा चिकटा होतो आणि गुळगुळीत कॅपवर तो जिभेला लगेच लागतो.

राणीनं ही बातमी कुंपणापलीकडे पोचवली. भाऊसो आला तो दोन्ही मुठी बंद करून.

"कुटली कशातली, सांगनार न्हाई."

"नगं सांगू."

हरणाबाईंनी उजव्या मुठीतले दाणे चावले, थांबल्या, परत चावले. "ह्यो भर." डाव्या मुठीतले चावून त्यांनी पीठ जिभेवर फिरवलं आणि भाऊसोकडे रोखून पाहिलं.

"ह्यो बी वाळलेलाच. वर पानी शिंपडलंयस. रानातली वल दान्याच्या आत आसती, ही नुसती सालीवर हाय. न्हानीतनं आलास न्हवं?"

भाऊसो आधी कान खाजवत उभा राहिला, मग मोठ्यानं हसला.

"लय वंगाळ दाढ हाय बगा आत्ती तुमची!"

आणि तिथूनच त्यानं कुंपणापलीकडे हाक टाकली, "मंगल, पोती शिवू नगंस! समद्यांतली येकयेक मूठ घिऊन ये हिकडं!"