पातं थांबेपर्यंत

चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू केलं. आधी पाट, मग देव्हारा, मग शेजारणीच्या नातीसाठी पाळणा. हातकरवतीने खांदा भरून यायचा, म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची गोल करवत, घ्यायचं त्यांनी ठरवलं. मला ते मुळीच पटलं नाही. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आरा मशीनवर बोटं गेलेली माणसं हाताला गमछा गुंडाळून यायची आणि म्हणायची, "कसं झालं, समजलंच नाही."

त्यात खाणीत ड्रिल चालवून यांचे कान अधू झालेले. मशीन सुरू असताना मी ओरडले, तरी यांना ऐकू येणार नव्हतं.

लाखनीच्या दुकानात मीही सोबत गेले. तिथे दोन मशीन होत्या. एक जुनी, बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यातली, जड लोखंडी टेबलाची. दुसरी नवी, लहान, पात्यावर गार्डचं झाकण असलेली. यांचा हात जुनीवरच फिरत होता.

"हे पाह्य, किती वजनदार आहे. जागची हालणार नाही."

"हिचं गार्ड कुठं आहे?" मी दुकानदाराला विचारलं.

"काकू, ते सगळेच काढून ठेवतात. कामात आडवं येते."

"मले माहीत आहे. ते सगळे मग माझ्याकडंच येत होते."

दुकानदाराने जुनी मशीन सुरू करून सागाची पट्टी कापून दाखवली आणि मागे वळून भिंतीवरचं बटण बंद केलं. मोटरची घरघर थांबली. पातं मात्र बारीक आवाज करत फिरतच होतं. दाते दिसत नव्हते, नुसती चकती चकाकत होती. कापलेला तुकडा पाहायला यांनी हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं.

"काहून ओढून राहिली?" ते चिडले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी पात्याकडे पाहिलं. ते अजून फिरत होतं.

"मले वाटलं, थांबलं," ते हळूच म्हणाले.

 पातं थांबेपर्यंत मी मनगट सोडलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच दुकानदाराला लहान मशीन दाखवायला सांगितलं. तिचं बंद करायचं मोठं लाल बटण समोरच, गुडघा पोचेल असं होतं. त्यांनी ते चार वेळा गुडघ्याने दाबून पाहिलं आणि तीच घेतली.

ती हलकी असल्यामुळे सुरू केली की हलायची, म्हणून त्यांनी ती जाड फळीवर नटबोल्टने आवळून बसवली. आता ते काम करतात तेव्हा मी समोर स्टूल टाकून बसते. पातं थांबलं की मी हात वर करते, त्याशिवाय ते तुकडा उचलत नाहीत. कधी मुद्दाम उशीर केला तरी कुरकुर करत नाहीत.

मी सानगडीला बहिणीकडे गेले की मात्र माझा जीव थाऱ्यावर नसतो. फोन करते, पण यांना रिंग ऐकू येत नाही. मग शेजारणीला करते. ती कुंपणावरून डोकावते आणि सांगते, "करून राहिले काम. दोन्ही हात दिसून राहिले."