साडूभाऊंची नरडाण्याची माती

रागावण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंची बरोबरी करील असा माणूस तापी आणि गिरणेच्या मधल्या मुलखात झाला नाही. ते जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात रागावत. भाजीत मीठ नसलं तर निमूट जेवत. पण कुणी सहज 'सगळं मातीत गेलं' म्हणालं की ताटावरून उठत. "मातीत गेलं म्हणजे भरल्या घरात गेलं," असं ते सुनावत. एका लग्नात नवऱ्या मुलाचा बाप 'आमच्या अब्रूची माती केली' असं ओरडला, तेव्हा यांनी भर मांडवात त्याला मातीची माफी मागायला लावली. लग्न मोडता मोडता राहिलं. जिथे जात तिथली चिमूटभर माती हुंगत आणि डब्यात भरून आणत. त्यांच्या जेवणाच्या डब्यातून एकदा स्टाफरूममध्ये भुसावळच्या शेताची माती निघाली. वांग्याची भाजी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये नंबर लावून ठेवलेली सापडली. त्यावरही ते शिपायावरच रागावले.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांच्या रागाला नवा विषय मिळाला. काचेच्या बशीत जे जंतू वाढतात ते मातीतल्या जंतूंपैकी मूठभरही नाहीत, बाकीचे बशीत वाढायलाच तयार नसतात. त्यांना ओळखायचं तर मातीतून सरळ त्यांचं डीएनए काढून त्याची अक्षरं वाचायची, अशी विद्या निघाली होती. "तीस वर्षं मी फक्त दारात येणाऱ्यांची खानेसुमारी केली, घरात कोण आहे ते पाहिलंच नाही," असं म्हणून ते स्वतःवरच चिडले. नरडाण्याजवळ एका अक्काचं शेत होतं. आजूबाजूची कपाशी मर रोगानं उभी वाळायची, अक्काची हिरवीगार. तिच्या मातीत असं कोण राहतं, हे कळेपर्यंत साडूभाऊंना झोप नव्हती. ते बांधावर पालथे पडून माती हुंगत. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तुना साडू याडा शे का? बठ्ठं गाव हासस." सगळं गाव हसत होतं, ते खरंच.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या त्यांच्या जुन्या मित्रानं, एकदाच, हे काम करून द्यायचं कबूल केलं. साडूभाऊंनी त्या शेतातल्या मातीच्या तीन पिशव्या भरल्या, बर्फाच्या पेटीत घातल्या आणि धुळ्याला माझ्या घरी ठेवल्या. शनिवारी एक जण पुण्याला जाणार होता, त्याच्याबरोबर त्या पाठवायच्या आणि तोवर बर्फ बदलत राहायचा, एवढंच मला काम. ते जळगावला परीक्षेच्या ड्यूटीवर गेले.

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तिथे ओला नमुना आला की आम्ही शेरा मारून परत पाठवत असू. माती सावलीत पसरायची, लाकडी हातोडीनं कुटायची, चाळायची, कापडी पिशवीत भरून चिठ्ठी लावायची. हातांना दुसरं वळणच नव्हतं. शुक्रवारी पेटी उघडली तर पिशव्यांना घाम सुटलेला, माती चिकट. आपल्या माणसाचा नमुना पुण्यात असा गचाळ जावा, याची मला लाज वाटली. मी त्या पिशव्या ऑफिसात नेल्या. माती पसरून वाळवली, आणि ज्या फळीवर सगळ्या जिल्ह्याची माती कुटत होतो, त्याच फळीवर कुटली. प्रेमानं, दोनदा चाळली, कापडी पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या आणि शनिवारी पुण्याला धाडल्या. अशी माती थंड आणि ओलीच राहिली पाहिजे, हे साडूभाऊंनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा मान हलवली होती. माझ्या त्या मानेचा मला आजही संताप येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी एरंडोलला आल्या, मागोमाग आम्ही दोघे साडू. सासऱ्यांनी पुण्याचं काय झालं म्हणून विचारलं. साडूभाऊंनी आमरसाची वाटी खाली ठेवली. "काही निघालं नाही. डीएनए तुटलेलं, त्यात भलत्याच मातीची सरमिसळ. माझ्याकडूनच हलगर्जी झाली," ते म्हणाले. माझ्या हातात खापरावरच्या पोळीचा घास होता. मी तो खाल्ला. एवढंच केलं. पुढच्या वर्षी अक्काच्या मुलांनी शेत विकलं, कारखान्यासाठी त्यावर मुरूम पडला, आणि ती माती पुन्हा मिळण्याची सोय राहिली नाही. त्यानंतर साडूभाऊ त्या विद्येबद्दल बोलले नाहीत. पण रागवत राहिले: दुधावर, एसटीवर, रेडिओवर.

परवा, इतक्या वर्षांनी, मी जळगावला जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, ती माती मी वाळवली होती."

ते शेंगा सोलत होते. "माहीत आहे. पुण्याहून पिशव्या परत आल्या, त्यावर तुमच्या ऑफिसची चिठ्ठी होती. अक्षर तुमचं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मला चार शिव्या तरी घालायच्या."

त्यांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. म्हणाले, "काय चाळली होती हो तुम्ही. एक खडा नव्हता."

आणि आत वळून, चहा अजून का आला नाही म्हणून माझ्या मेहुणीवर इतके रागावले की शेजारचं दार उघडलं. मी तो सगळा राग कान देऊन ऐकला. त्यातला थोडा तरी माझ्या वाट्याचा असेल म्हणून.