नातेपुत्याचा बाजार मी पाहिलेला नाही

बावीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं आमच्या शिक्षकांत म्हणतात. मी ऐकतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं हा माझा स्वभाव, आणि सोयही.

गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. व्हिडिओ पाहायचे, शेवटी चाचणी द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. प्रत्यक्षात व्हिडिओ आपला आपण बोलत राहतो आणि आपण वह्या तपासतो. चाचणीच्या दिवशी जिल्ह्याच्या ग्रुपवर कुणीतरी पुण्यवान सगळी उत्तरं टाकतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मीही हात जोडले. उत्तरं जशीच्या तशी चिकटवली, 'वर्गात राबवलेला उपक्रम' या शेवटच्या प्रश्नासकट.

थोड्या दिवसांनी मुख्याध्यापकबाई आमच्या उपक्रमांची छापील यादी घेऊन आल्या. आमच्यातल्या सहा जणांनी मुलांना नातेपुत्याच्या आठवडी बाजारात नेऊन पिकांची माहिती दिली होती. सोलापूरहून, एवढ्या लांब! आणि सहाच्या सहा जण तिथं एकमेकांना भेटलेही नव्हते.

सगळे माना खाली घालून बसले. बाईंनी चष्मा पुसला.

"तरी बरं," त्या म्हणाल्या, "मीपण तिथंच गेले होते की."

हसून हसून चहा सांडला. प्रमाणपत्र मी घरी फ्रेम करून लावलं.

पुढच्याच आठवड्यात घटक चाचणीत नववीतल्या एका मुलीच्या ओढणीखाली आईचा मोबाईल सापडला.

"सर, मी नुसती खात्री करत होते."

"खात्री घरी जाऊन करायची."

पेपर शून्य झाला, आईला बोलावणं गेलं. आई एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. अर्धी रजा टाकून आली, केसांना सूत चिकटलेलं. लेकीला सगळ्यांसमोर झापलं.

"ह्या सरांकडं बघ जरा! असली चोरी कदी केली असंल का त्यांनी? सांगा की सर."

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"नाही," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ती मुलगी माझ्या तासाला मागच्या बाकावर बसू लागली. पूर्वी नकाशा लावायच्या आधी तिचा हात वर असायचा. आता वहीत मान.

यंदा पुन्हा प्रशिक्षण आलं. या खेपेला सगळे व्हिडिओ खरंच पाहिले आणि चाचणी एकट्यानं दिली. वीसपैकी नऊ. 'पुन्हा प्रयत्न करा.' दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात उभा राहिलो आणि बाजारासकट सगळं सांगून टाकलं. वर्ग बाकं बडवायला लागला. मागून ती मुलगी उठली.

"सर, मग तुमच्या आईला बोलावलं का?"

गलका ओसरल्यावर ती हळू म्हणाली, "माझ्या आईला सांगा की हे. भांडण झालं की ती तुमचंच उदाहरण देते."

शनिवारी पालकसभेत मी तिच्या आईसमोर बसलो. वर्गात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं.

"म्हंजे बाजारात गेलाच न्हाय तुमी?"

"नाही."

"आनि त्या दिवशी माज्यासमोर?"

"खोटं बोललो. ती चोरी होती, तशी माझीही होती. तिनं निदान उत्तर वाचून तरी लिहिलं असतं. मी तेही केलं नाही."

"तिला शून्य मिळालं. तुमाला काय मिळालं?"

"प्रमाणपत्र."

"लई भारी! घरात लावलंय व्हय?"

मी मान हलवली.  तिची आई तोंडाला पदर लावून हसली.

"काडा ते आदी," ती म्हणाली. लेकीकडे वळली. "आनि तू. म्होरच्या बाकावर बस. सरांवर ध्यान ठेव."

सोमवारी ती पहिल्या बाकावर होती. नकाशा लावायच्या आत हात वर.

"काढलं का, सर?"

"काढलं."

"पुरावा?"

रिकाम्या भिंतीचा फोटो होता. मी खिशातून मोबाईल काढला.

"सर," ती म्हणाली, "वर्गात मोबाईल चालत नाही."

मी तो मुकाट्यानं खिशात ठेवला.