खोबरेल, सोडा आणि सुलभाताई

सुलभाताई आमच्या दारात पहिल्यांदा आल्या, तेव्हा सिंगापूरमधल्या बेडोकच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दार उघडताच त्यांनी माझ्या हातात एक छोटी बरणी ठेवली. "मी शेजारची सुलभा. काल तुमच्या मिस्टरांबरोबर लिफ्टमध्ये होते. रागावू नका, पण हे त्यांना काखेत लावायला द्या." मी रागावले, चांगलीच रागावले. नवऱ्याच्या घामाबद्दल बोलायचा हक्क फक्त बायकोचा असतो, असं माझं मत आहे.

बरणीत खोबरेल तेल, खायचा सोडा आणि आरारूट यांचं मलम होतं. आंघोळीनंतर ओल्या काखेत आधी तुरटी फिरवायची, मग हे बोटावर घेऊन चोळायचं. पुण्याच्या थंडीत ते छान घट्ट झालं असतं. इथे बारा महिने उकाडा, त्यामुळे बरणी फ्रीजमध्ये ठेवावी लागे. तिथेच घोटाळा झाला. रविवारी सकाळी नवऱ्याने ते लोणी समजून पावाला लावून खाल्लं आणि "मीठ जरा जास्त झालंय" म्हणाला. हे ऐकून सुलभाताई हसता हसता खाली बसल्या, आणि माझाही राग गेला.

हा उद्योग सुरू झाला होता त्यांच्या लेकीमुळे. इरा बारा-तेरा वर्षांची असताना एकदा शाळेतून रडत आली. "आई, दे ऑल से आय स्मेल." वर्गात तिच्या शेजारी कुणी बसेना. बाजारातल्या स्प्रेने तिला पुरळ उठायचं. मग तांजोंग पगारच्या ऑफिसातून दमून आलेल्या सुलभाताई ओट्यावर वाट्या मांडू लागल्या. सोडा जास्त झाला की आग होते, हे त्या आधी स्वतःच्या काखेवर बघायच्या. "घामाची कसली लाज?" त्या इराला सांगायच्या. "घाम काय पासपोर्ट बघून येतो? वास तेवढा येऊ द्यायचा नाही." जमलेलं मलम मग त्या सगळ्या मजल्यावर वाटत सुटल्या, मागितलेलं नसतानाही.

इरा सोळा वर्षांची झाली आणि सुलभाताईंना कॅन्सर निघाला. छातीला आणि काखेला रेडिएशन सुरू झालं. डॉक्टरांनी तिथे काहीही लावायला मनाई केली. एवढ्या मोठ्या आजारात त्यांच्या मनाला लागलं ते हेच. मी गेले की म्हणायच्या, "लांब बस, मला वास येतोय." इराला तर खोलीच्या दारातच थांबवायच्या. ती पोर दारात उभी राहून शाळेतलं काहीबाही सांगायची आणि निघून जायची. मला सुलभाताईंचा संताप यायचा. दिवस थोडे उरले होते, आणि ही बाई वासाचं काय घेऊन बसली होती!

एका दुपारी इराने ऐकलंच नाही. दप्तर टाकलं, पलंगावर चढली आणि आईच्या काखेत तोंड खुपसून पडून राहिली.

"ऊठ गं, घाण येते," सुलभाताई म्हणत होत्या.

"येऊ दे लाह," इरा तिथूनच, इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "तुझाच वास आहे ना."

सुलभाताईंनी हात तिच्या पाठीवर ठेवला. मी बाहेर येऊन रडून घेतलं. त्यानंतर शाळेतून आली की इरा रोज तिथेच झोपायची.

पुढे सुलभाताई गेल्या. विद्युतदाहिनीतून आम्ही परतलो, तेव्हा पुण्याहून आलेली त्यांची बहीण, मालूताई, घरात होती. रीतीप्रमाणे तिने घर पुसून काढलं होतं. चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं धुऊन टाकलं होतं. बिचारीने एकटीनेच, रडत रडत केलं होतं ते. इरा सरळ आईच्या खोलीत गेली आणि उघडी गादी बघून स्वयंपाकघरात आली. खिडकीबाहेर आडव्या काढलेल्या बांबूवर कपडे वाळत होते. तिने बांबू आत ओढला, आईचा ओला गाऊन काढून घेतला, उलटा केला आणि काखेची शिवण नाकाशी धरली.

"मावशी," ती मालूताईला म्हणाली, "याला साबणाचा वास येतोय."