कोपऱ्यातल्या पेटीतली पिपाणी

गल्लीत त्यांना फौजदारबाई म्हणत, अर्थात माघारी. धंदा शिवणकामाचा. इस्त्रीचे कपडे आले की बाई बटणं मोजून घेत आणि दूधवाल्याला रोज सुनावत, "आज फेसच जास्त दिसतोय." तो नुसता हसायचा, त्यामुळे संशय आणखी बळावायचा.

नवरा गेल्यावर गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेट्या बाईंकडे आल्या. कपड्यांच्या दोरीपलीकडे धाकट्या दिराच्या पेट्या. तो वर गेला की खाली शिलाईमशीन थांबायचं. कोपऱ्यातली पेटी सगळ्यांत भरलेली, आणि तिच्यावर दिराचा डोळा आहे याबद्दल बाईंच्या मनात शंका नव्हती. म्हणून त्यांनी झाकण सुतळीनं आवळून वर स्वतःची खास गाठ मारली.

"वहिनी, आत दाटी झालीय. पेटीवर रिकाम्या चौकटींचा एक मजला चढवा," दीर म्हणाला.

"म्हणजे झाकण उघडायला तुम्ही मोकळे!"

बहिणीकडे आठवडाभर राहून बाई परतल्या, तर पेटीच्या दाराशी निम्मीच वर्दळ. त्यांनी लाकडाला कान लावला. आत कुणी बारीक पिपाणी वाजवत होतं. टूऽऽ, टू, टू. बाई तडक खाली.

"भाऊजी, माझी राणीमाशी पळवलीत, आणि आत कुठली तरी परकी कोंडलीत! रडतेय ती."

"गाठ सुटलेली होती का?"

"नाही. पण तुम्ही शिकला असाल."

दीर हसतच वर आला. पेटीला कान लावला आणि त्याचं हसू मावळलं.

"रडत नाहीये. ही तुमच्याच घरची नवी राणी. आता इथे तळवा ठेवा."

लाकूड थरथरत होतं. पिपाणी थांबली की खालून दबका आवाज येई. क्वक्, क्वक्.

"या तिच्या बहिणी. अजून मेणाच्या घरांतच आहेत, तिथून उत्तर देतायत. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन केव्हाच गेली. जागाच नव्हती तिला. आता ही उरलेल्यांतल्या निम्म्या नेईल. मग पेटीत राहणार काय?"

बाईंनी कात्री आणून सुतळी कापली. दिरानं धूर दिला, हलक्या हातानं पोळ्याची एकेक चौकट उचलली. एका चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढी राणीघरं लोंबत होती; ती त्यानं बाईंच्या हातात दिली.

"वरती मजला चढवतो. पण या बहिणी इथे नकोत, एका पेटीत एकच राणी नांदते. चिरडू, का माझ्या रिकाम्या पेटीत नेऊ?"

फुकटात राणी! याला हेच हवं होतं तर! पण चौकट बाईंच्या हातात होती, आणि आतली ती धुसफूस बोटांना कळत होती.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण रोज सकाळी कान लावायला मी येणार."

"या की. चहा टाकतो."

"चहा कशासाठी?" बाईंनी डोळे बारीक केले.